गादीचा चाबूक: खाऱ्या वाऱ्यात किती टिकतो, घोड्याला किती लागतो

चाबूक म्हटलं की कोकणात अजूनही टांग्याचाच चाबूक डोळ्यांपुढे येतो. वेताची काठी, टोकाला चामड्याची लांब वादी, मनगट झटकलं की कडाड आवाज. शर्यतीतल्या जॉकीच्या हातातला चाबूक वेगळा. जेमतेम दीड हात लांब, मुठीपुढे बारीक आणि टोकाकडे फुगीर. त्या फुगीर भागात फोम भरलेला असतो, म्हणून इथे त्याला गादीचा चाबूक म्हटलंय.

हा चाबूक आता घरबसल्या मागवता येतो. अलिबाग, वरसोली, नागाव, काशीद या पट्ट्यात पर्यटकांना घोड्यावर बसवणारे आहेत, स्वारी शिकवणाऱ्या पागा आहेत, हौसेने एखादा घोडा बाळगणारेही आहेत. चाबकाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गादी आहे ना, मग कुठे लागतंय!" हे परीक्षण त्या वाक्यासाठी लिहिलंय. ते कुठल्या एका कंपनीच्या मालाचं नाही, या घडणीच्या चाबकाचं आहे.

घडण आणि मापं

मूठ, दांडा, गादी आणि पट्टी, एवढे चार भाग. मूठ रबराची, गोल्फच्या काठीला असते तशी खडबडीत. तिच्या मागच्या टोकाला बोंडासारखी गाठ असते, तिच्यामुळे घामेजलेल्या हातातून चाबूक निसटत नाही. दांड्याच्या पोटात फायबरग्लासची सळई, महागड्या मालात कार्बन फायबरची. सळईवर दोऱ्याची वीण किंवा कृत्रिम चामड्याचं वेष्टण. पुढच्या भागात सळईभोवती चारी बाजूंनी फोम आणि त्यावर गुळगुळीत आवरण, ही गादी. शेवटी जिभेसारखी रुंद पट्टी, तिला सगळे फ्लॅपच म्हणतात.

ब्रिटनमधल्या शर्यतींसाठी या चाबकाची मापं ठरलेली आहेत. खरेदी करताना टेप घेऊन तीच ताडून बघावीत. सपाट शर्यतीसाठी फ्लॅपसकट जास्तीत जास्त ७० सेंटिमीटर, अडथळ्यांच्या शर्यतीसाठी ६८. जाडी १ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, कारण बारीक दांडा शाळेतल्या छडीसारखा कापत जातो. फ्लॅप २ ते ४ सेंटिमीटर रुंद आणि दांड्याच्या टोकापुढे फार तर १० सेंटिमीटर. फ्लॅपच्या टोकापासून मागे १७ सेंटिमीटरपर्यंत दोऱ्याची बांधणी नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गादी किमान ६ मिलिमीटर दबली पाहिजे. अमेरिकेतलं माप जरा सैल आहे: लांबी ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटरपर्यंत, आणि वजन ८ औंसांपर्यंत, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या किंचित पुढे.

आपल्याकडचा नियम या बाबतीत जास्त कडक आहे, हे बऱ्याच घोडेवाल्यांना ठाऊक नसतं. केंद्र सरकारच्या २००१ च्या प्रदर्शनातील प्राण्यांच्या नोंदणी नियमांत घोड्यासाठी फक्त हवेच्या उशीचा, धक्का शोषणारा, शास्त्रीय चाचणी झालेला चाबूक चालतो. त्याला वर आलेली बांधणी, टाके, शिवण किंवा फ्लॅप नको, असंही लिहिलंय. चाबूक वापरायचा तो जॉकीनेच, एका शर्यतीत तीनपेक्षा जास्त वेळा नाही. अंतिम रेषा ओलांडलेल्या किंवा जिंकण्याची आशा संपलेल्या घोड्यावर तर अजिबात नाही. तेव्हा परदेशी नियमात बसणारा रुंद फ्लॅपचा चाबूक आपल्या नियमातही बसेल असं गृहीत धरू नका. पुळणीवरची हौसेची स्वारी म्हणजे शर्यत नव्हे, हे खरं. पण १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सगळ्यांनाच लागू आहे आणि जनावराला विनाकारण मारणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात शहाळंसुद्धा येत नाही, ते सोडा.

हातात आल्यावर काय तपासायचं

शर्यतीचा चाबूक म्हणून विकायला ठेवलेल्या मालात दोन फसवे प्रकार असतात. एकात साध्या क्रॉपला, म्हणजे स्वाराच्या आखूड छडीला, नुसता रुंद फ्लॅप शिवलेला असतो, फोमचा पत्ता नसतो. दुसऱ्यात फोमच्या जागी कडक रबराची नळी चढवलेली असते. फोटोत दोन्ही खऱ्यासारखे दिसतात, हातात घेतल्यावर कळतं.

पहिली परीक्षा चिमटीची. अंगठा आणि तर्जनीने गादी दाबा. एका गव्हाच्या लांबीइतकी तरी दबली पाहिजे आणि सोडल्यावर लगेच पूर्ववत झाली पाहिजे. दबलेला खळगा हळूहळू भरत असेल तर फोम हलका आहे. मग गादी गोल फिरवत चारी बाजूंनी दाबा, कारण काही मालात शिवणीच्या बाजूला फोम पातळ असतो आणि आतली सळई बोटाला लागते. दुसरी परीक्षा गालाची. गादी आणि फ्लॅप गालावरून हलके ओढा. टाका, गाठ, गोंदाचा सुकलेला कडक थेंब, जे काही असेल ते गालाला कळतं. हाताच्या तळव्याला कळत नाही, तो निबर असतो.

तिसरी परीक्षा स्वतःच्या मांडीवर. आधी गादीच्या मध्यावर, मग गादी जिथे संपते त्या सांध्यावर, मग उघड्या दांड्यावर, तिन्ही ठिकाणी सारख्याच जोराने मारून बघा. पहिल्या फटक्याचा आवाज मोठा आणि झोंब कमी. दुसऱ्यात आवाज कमी, झोंब जास्त. तिसरा कळवळायला लावतो. या चाबकाबद्दल जे काही सांगायचं ते या तीन फटक्यांत येतं.

शेवटी तोल. चाबूक आडवा धरून एका बोटावर तोलून बघा. तोल मुठीच्या बाजूला जितका जास्त, तितका तो हातात आवरता येतो. टोक जड असेल तर मनगट थांबवलं तरी टोक थांबत नाही. दांडा किंचित वाकवून कानाशी धरा. बारीक चरचर ऐकू आली तर सळईला चीर आहे, तो चाबूक परत करा.

गादी नेमकं काय करते

गादीचं तत्त्व साधं आहे. फटक्याचा जोर बारीक रेषेवर एकवटण्याऐवजी रुंद जागेवर पसरतो आणि फोम दबेपर्यंतचा क्षणभर वेळही वाढतो. त्यामुळे त्वचा फाटत नाही, वळ सहसा उठत नाही. रुंद पृष्ठभागामुळे आवाज मात्र दणकून येतो आणि घोडा बराचसा त्या आवाजालाच उत्तर देतो. जुन्या पातळ चाबकाशी तुलना केली तर ही मोठी सुधारणा आहे, यात वाद नाही.

अडचण अशी की गादी दांड्याच्या फक्त पुढच्या भागात असते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शर्यतींची चित्रफीत संथ गतीने तपासली. ऑस्ट्रेलियात गादीचा चाबूक २००९ पासूनच सक्तीचा होता. तरीही ६४ टक्के फटक्यांत गादी नसलेला दांडा घोड्याला लागलेला दिसला आणि ८३ टक्के फटक्यांत कातडीवर खोलगट खूण उमटलेली दिसली. हे सगळे परवानाधारक, पोटापाण्यासाठी रोज चाबूक हाताळणारे जॉकी. शनिवार-रविवारी स्वारी शिकणाऱ्याचा नेम त्यांच्याहून चांगला असेल असं मानायला काहीच आधार नाही.

दुसरी समजूत घोड्याच्या कातडीची. "जनावराची कातडी जाड, त्याला माणसासारखं लागत नाही." त्याच विद्यापीठातून २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात घोड्याच्या पुठ्ठ्यावरची, म्हणजे शेपटीपुढच्या मांसल भागावरची, कातडी सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या कातडीशी ताडून बघितली. घोड्याचा आतला थर जाड आहे, पण वेदना टिपणारे मज्जातंतू असतात त्या वरच्या थराची जाडी आणि त्यातल्या तंतूंची संख्या यांत लक्षणीय फरक सापडला नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकही लागत नाही म्हणा. पुठ्ठ्यावर माशी बसली की घोडा नेमकी तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो. माशी कळणाऱ्या कातडीला चाबूक कळणार नाही, हे कसं?

आणि वेग? २०११ मधल्या अभ्यासात घोड्यांचा सरासरी वेग सगळ्यात जास्त होता तो शेवटच्या ६०० ते ४०० मीटरच्या टप्प्यात, जेव्हा चाबूक उचललेलाच नव्हता. चाबूक सर्रास चालला तो त्यापुढच्या ४०० मीटरांत, घोडे थकल्यावर. नॉर्वेने १९८२ मध्येच शर्यतीत चाबूक मारणं बंद केलं, स्वीडनने २०२२ मध्ये. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे. ती चारने ओलांडली तर घोडाच बाद होतो. पहिला आला तरी बाद. जॉकीला दंड करून जे साधत नव्हतं त्यासाठी मालकाच्या खिशाला हात घातला.

तरी जॉकी चाबूक हातात ठेवतो त्याचं एक कारण टिकाऊ आहे. घोडा एका बाजूला झुकायला लागला, शेजारच्या घोड्यावर किंवा कठड्यावर जाऊ लागला, तर चाबूक त्या बाजूच्या खांद्याला नुसता टेकवून त्याला सरळ ठेवता येतं. हे मारणं नव्हे, दाखवणं झालं. आणि तेवढ्यासाठी गादी छान काम करते.

धरायचा कसा

चाबूक अंगठ्याच्या बाजूने वर येईल असा, लगामाबरोबर एकाच मुठीत धरायचा. दांडा घोड्याच्या मानेला समांतर, थोडा खाली झुकलेला. खांद्यावर इशारा द्यायचा तर लगाम न सोडता मनगट खाली वळवायचं आणि गादी खांद्याच्या स्नायूवर टेकवायची. एवढ्याने बहुतेक घोडे कान मागे-पुढे करतात, म्हणजे त्यांनी ऐकलंय.

पुठ्ठ्यावर वापरायचा तर दोन्ही लगाम आधी दुसऱ्या हातात घ्यायचे. नवशिका इथेच चुकतो. लगाम हातात ठेवूनच तो हात मागे नेतो, एक लगाम खेचला जातो, घोडा तोंड वळवतो आणि वर पाठीमागून फटका खातो. पुढे जायचं की वळायचं, हे त्या बिचाऱ्याला कळायचं कसं? घोडा अडेल असल्याची तक्रार येते तेव्हा पुष्कळदा गोष्ट एवढीच असते.

फटका पुठ्ठ्याच्या मांसल भागावरच, शेपटीच्या मुळापुढे. हाताचं कोपर खांद्याच्या वर जायला नको. डोकं, मान, पोट आणि कूस पूर्ण वर्ज्य. बरगड्या संपल्यावर मांडीपुढे जी मऊ जागा असते ती कूस, तिथे हाड नाही, मांसही पातळ, खाली थेट आतडी. हात पुरेसा मागे गेला नाही की दांड्याचा मधला भाग कमरेच्या हाडावर आपटतो आणि टोक वळसा घेऊन नेमकं कुशीवर जातं. गादी हवेत आणि उघडा दांडा हाडावर. ६४ टक्के हा आकडा कुठून आला असेल, ते इथे कळतं.

एकदा इशारा दिला की थांबायचं. भरधाव घोडा सेकंदाला दोन-अडीच ढांगा टाकतो. अमेरिकेतला नियम सांगतो की लागोपाठ दोन फटक्यांनंतर घोड्याला उत्तर द्यायला किमान दोन ढांगा मोकळ्या द्या. वाळूत त्याहून जास्त द्याव्यात. त्याने उत्तर दिलं की चाबूक लगेच खाली. उत्तर दिल्यावरही मार चालूच राहिला तर घोडा इशाऱ्याकडे लक्ष देणंच सोडतो, मग गादीचा आणा नाहीतर सोन्याचा.

पुळणीवर त्याचा उपयोग काय

थोडक्यात सांगायचं तर फारसा नाही, आणि याचं कारण लांबी. ७० सेंटिमीटरचा चाबूक घडवलाय आखूड रिकिबीत उभ्या राहिलेल्या, घोड्याच्या मानेवर ओणवलेल्या जॉकीसाठी. पर्यटक किंवा शिकाऊ स्वार लांब रिकिबीत खोगिरावर बसलेला असतो. त्याला पुठ्ठ्यापर्यंत पोचायला कंबरेत पिळावं लागतं, वजन एका बाजूला जातं, खोगीर सरकतं. अशा स्वाराला एकतर खांद्यावर टेकवायला आखूड क्रॉप पुरतो, नाहीतर मांडीवरून मागे रेलणारी लांब बारीक छडी. ती पायामागे नुसती टेकवायची, हात लगामावरून हलवायचा नाही. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, स्पर्धेत अशी छडी १२० सेंटिमीटरपर्यंत चालते. शिकण्यासाठी ११० च्या आसपासची बरी. अट एकच, तिने टेकवायचं, झोडायचं नाही, कारण ती बारीक असते आणि कापते.

घोडागाडीवाल्यांनी तर या चाबकाच्या भानगडीत पडूच नये. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत जाणाऱ्या गाडीत बसलेल्याचा हात घोड्यापर्यंत पोचतच नाही. तिथे लांब, हलकी काठी आणि मुख्यतः आवाज लागतो. टाळूला जीभ लावून केलेली टकटक ओळखणारा घोडा चाबूकवाल्या घोड्याच्या आधी किल्ल्याला लागतो.

आता पुळणीवर घोडा मंदावतो कधी, ते बघा. पहिलं कारण कोरडी वाळू. भरती-रेषेच्या वरच्या भुसभुशीत वाळूत टाप रुतते, प्रत्येक पावलाला ती उपसून काढावी लागते, पायाच्या नसांवर ताण येतो. त्यातून चौखूर दौडताना घोड्याचा श्वास ढांगेशी बांधलेला असतो: एक ढांग, एक श्वास. ढांग बिघडली की दमही बिघडतो. तेव्हा मारलेला चाबूक फुप्फुसं मोठी करत नाही. घोडा खाली ओल्या, टणक पट्ट्यावर घ्या. त्यासाठी ओहोटीची वेळ साधा. कोळ्यांचा ठोकताळा सगळ्यांना माहीत असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) पावणेदहाच्या सुमारास. दौड सुकतीच्या आगेमागे ठेवा, चाबकाची निम्मी गरज तिथेच संपते.

दुसरं कारण लाट. पहिल्यांदा समुद्र बघणारा घोडा फेसाला बिचकतो. पायाखालून ओसरणारं पाणी बघून आपणच आडवे सरकतोय असं त्याला वाटतं. शर्यतीतून निवृत्त होऊन इकडे आलेले घोडे तर महालक्ष्मीचं किंवा पुण्याचं गवताचं मैदान सोडून काही न बघितलेले. लाटेशी अडलेल्या घोड्याला चाबूक लावला की त्याच्या डोक्यात एकच बसतं: पाणी आलं की मार बसतो. पुढच्या वेळी तो पाणी दिसण्याआधीच अडतो. सरावलेला घोडा पुढे चालवा, नवा त्याच्या आडोशाने, समुद्राकडून नव्हे तर जमिनीकडून. दोन-चार सकाळी फक्त घोट्याएवढ्या पाण्यातून चालवा.

तिसरं, पागेची ओढ. परतीला पळणारा आणि जाताना रेंगाळणारा घोडा आळशी नसतो, हिशेबी असतो. मार्ग रोज बदला. पागेच्या दारात लगेच न उतरता पुढे जाऊन परत या.

चौथं कारण ऊन. एप्रिल-मेच्या दुपारी दमट हवेत घाम सुकत नाही आणि सुकला नाही तर अंग निवत नाही. नाकपुड्या फुललेल्या, बरगड्या भात्यासारख्या चाललेल्या आणि अंगावर साबणासारखा फेस, असा घोडा चालवायचाच नाही. खोगीर काढा, सावलीत न्या, गोडं पाणी मारा.

स्वारी संपली की खोगीर काढल्यावर पुठ्ठ्यावरून केसांच्या उलट दिशेने तळवा फिरवायची सवय ठेवा. केसांखाली दडलेला वळ डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतो. सूज लागली तर गार पाणी आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. कातडी फाटली असेल तर खाऱ्या पाण्यात नेऊ नका. पावसाळ्यात अशा जखमेत माशी अंडी घालते आणि अळ्या पडतात. तिथे घरगुती लेप लावत बसू नका, पशुवैद्याला बोलवा.

गादीचा चाबूक नको म्हणून हाताला येईल ते उचलण्याची पद्धत मात्र त्याहून वाईट. सुरूची ओली फांदी खडबडीत असते, तिचे पेर केसांत अडकून ओरबाडतात. पीव्हीसी पाइपचा तुकडा मोडला की धार येते. नायलॉनच्या दोरीला वाळू चिकटली की ती कानशीच होते.

खारा वारा, वाळू आणि जुलै

टिकाऊपणात हा चाबूक किनाऱ्यावर मार खातो. थंड हवेच्या प्रदेशात घडलेली वस्तू आहे, कोकणातला दमटपणा तिच्या हिशेबात नाही.

पहिला जातो तो फोम. पॉलियुरेथेनचा फोम उष्ण, दमट हवेत हळूहळू विरघळल्यासारखा होतो, रासायनिक बंध पाण्याने तुटत जातात. आधी चिकट, मग भुगा. जुन्या स्पोर्ट्स शूजचा तळवा एका पावसाळ्यात सुटून येतो, तोच हा प्रकार. बाहेरचं आवरण शाबूत दिसतं, म्हणून कळत नाही. आवरणाला बारीक चीर असेल तर फोम समुद्राचं पाणी पितो. मग गादी जड होते, दबायची थांबते आणि ओल्या वाळूच्या पिशवीसारखा फटका बसतो. ६ मिलिमीटरचं सगळं गणित तिथे संपलं.

दुसरी जाते शिवण. मीठ सुकून टाक्यांत खडे बसतात, त्यात वाळू अडकते, दोरा आतून कातरला जातो. सुती दोरा असेल तर बुरशी वेगळी. तिसरा फ्लॅप. चामड्याचा फ्लॅप खाऱ्या पाण्यात भिजून उन्हात वाळला की पापडासारखा कडक होतो आणि त्याच्या कडा धारदार होतात. चौथा गोंद. मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या काचेखाली चाबूक ठेवला की गोंद मऊ पडतो आणि गादी सळईवरून मुठीकडे सरकते. मग टोकाला फोमशिवायची नुसती सळई उरते. हा बिघाड सगळ्यात वाईट, कारण वरून चाबूक नव्यासारखा दिसतो. टोक चिमटीत दाबल्याशिवाय कळत नाही.

निगा फार कठीण नाही. पुळणीवरून आल्यावर दांडा गोड्या पाण्याच्या धारेखाली धरा. बादलीत बुडवून ठेवू नका, फोम पाणी पितो. शिवणीतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा. फडक्याने टिपा, सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कृत्रिम आवरणाला तेल लावायचं नाही, तेलाने गोंद सुटतो. चामड्याच्या फ्लॅपला ग्लिसरिनचा साबण ओल्या स्पंजवर घेऊन चोळा, पुसून टाका. खोबरेल तेल हाताशी असतं म्हणून सगळे तेच चोपडतात, पण त्याने चामडं नको तितकं लिबलिबीत होतं, वर धूळ-वाळू धरून ठेवतं.

ठेवायचा तो मुठीकडून टांगून, टोक खाली. भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर महिन्याभरात बाक येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही, आत घाम सुटतो. जून ते सप्टेंबर घरात, चुलीच्या किंवा फ्रिजच्या मागच्या उबेपासून लांब, कापडी पिशवीत ठेवा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून वारा द्या. बुरशीची पांढरी तीट दिसली तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा, आत झटकू नका.

दर महिन्याला चिमटीची आणि गालाची परीक्षा परत करायची. गादी दबेना, सळई बोटाला लागली, आवरणाला चीर दिसली, फ्लॅपची कड कडक झाली, यातलं एक जरी आढळलं तरी तो चाबूक संपला. शिवून, टेप गुंडाळून चालवू नका, टेपची कड ही नवी धार असते. आणि टाकताना तसाच अडगळीत टाकू नका, पागेतला कुणीतरी पोरगा तो उचलतोच. मधोमध जाड टेपचे चार वेढे द्या आणि त्या टेपवरूनच करवतीने दोन तुकडे करा. हाताने मोडलात तर फायबरग्लासच्या कुसळी बोटात घुसतात आणि त्या सहजी निघत नाहीत.